काच केसभर सरकते, तेव्हा चेहरा स्पष्ट होतो

सिंहस्थ जवळ आला तसे नाशकात कपाटातले कॅमेरे बाहेर निघू लागले आहेत. संध्याकाळी गंगेवर आरतीला जावं (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो), तर निम्मी माणसं हात जोडून उभी आणि निम्मी फोन उंच धरून. माझ्या भाच्यानेही हौसेने एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि दुसऱ्या ठिकाणाहून एक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स घेतली. चार दिवसांनी तोंड पाडून घरी आला. "मामा, लेन्स बिघडलेली निघाली. फोकसच होत नाही."

मी लेन्सची रिंग हाताने फिरवली. समोरच्या गच्चीवरची तुळस धूसर होती, ती हळूहळू पानापानाने स्पष्ट झाली. लेन्स ठणठणीत होती. मग "फोकस होत नाही" म्हणजे नक्की काय होत नव्हतं?

मी तेहतीस वर्षं अंबडच्या एका टूलरूममध्ये लेथवर काढली. आटे पाडायचे आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झुंजायचं, हेच रोजचं काम. त्यामुळे पहिल्यांदा लेन्स उघडली तेव्हा काचेपेक्षा काचेभोवतीच्या पितळ-ॲल्युमिनियमच्या कामानेच मी हरखून गेलो. काचेचं कौतुक सगळे करतात. ती काच बरोबर जागेवर नेऊन ठेवणाऱ्या यंत्राबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक भिंग आणि एक भिंत

घरात वाचायचं साधं भिंग असेल तर ते घ्या. दिवसा खोलीतले दिवे बंद करा, खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि सावकाश मागेपुढे करा. एका जागी भिंतीवर बाहेरच्या झाडाचं छोटं, उलटं चित्र उमटेल. आता नीट बघा. झाड स्पष्ट आहे, पण खिडकीचे गज पुसट आहेत. भिंग भिंतीपासून किंचित लांब न्या. गज स्पष्ट होतील आणि झाड विरघळेल.

फोकस म्हणतात तो एवढाच. भिंतीच्या जागी सेन्सर (डिजिटल कॅमेऱ्यात चित्र टिपणारा भाग) किंवा फिल्म धरा, भिंगाच्या जागी लेन्स धरा, झाला कॅमेरा.

असं का होतं? लांबच्या झाडावरून निघालेले किरण भिंगापर्यंत पोचेतो जवळजवळ समांतर झालेले असतात. जवळच्या गजावरून येणारे किरण मात्र फाकलेले असतात. भिंगाची किरण वळवण्याची ताकद दोघांसाठी एकच. स्टिअरिंग ठरावीकच वळणार असेल, तर रस्त्यापासून जास्त बाहेर तोंड करून निघालेल्या एसटीला रस्त्यावर परत यायला जास्त अंतर लागतं. तसंच फाकलेल्या किरणांना एका बिंदूत यायला भिंगामागे जास्त जागा लागते. म्हणून वस्तू जवळ असेल तर लेन्स सेन्सरपासून लांब सरकवायची.

खूप लांबच्या वस्तूचं चित्र लेन्सपासून जितक्या अंतरावर उमटतं, त्याला शाळेच्या पुस्तकात नाभीय अंतर म्हणतात. ५० मिलिमीटरची लेन्स म्हणजे हे अंतर ५० मिलिमीटर असलेली लेन्स. लेन्सवरचा तो आकडा तिच्या लांबीचा नसतो.

काच किती सरकते?

भाच्याला मी अंदाज करायला सांगितला. तो म्हणाला, "दोन-तीन सेंटीमीटर तरी असेल."

५० मिलिमीटरच्या लेन्सचा हिशेब असा आहे. चंद्रावर फोकस असताना काच सेन्सरपासून ५० मिलिमीटरवर असते. १०० मीटरवरच्या देवळाच्या कळसासाठी ती ०.०२५ मिलिमीटर पुढे यायला हवी. १० मीटरवरच्या माणसासाठी ०.२५, पाच मीटरसाठी ०.५, एका मीटरसाठी २.६ आणि अर्ध्या मीटरसाठी ५.६ मिलिमीटर. म्हणजे दहा मीटरपासून थेट चंद्रापर्यंतचं सगळं जग पाव मिलिमीटरच्या सरकण्यात बसतं, आणि दहा मीटरवरून एका मीटरवर यायला त्याच्या नऊ-दहा पट सरकावं लागतं. जुन्या लेन्सच्या रिंगवर १०, ५, ३ हे आकडे एकमेकांना चिकटलेले आणि १, ०.७, ०.५ ऐसपैस मोकळे का असतात, ते यावरून कळेल.

लेन्स लांब पल्ल्याची असेल तर हिशेब एकदम फुगतो. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपणाऱ्यांकडे ५०० मिलिमीटरच्या लेन्स दिसतात. पन्नास मीटरवर चिखलात उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यासाठी ५० मिलिमीटरची लेन्स ०.०५ मिलिमीटर सरकली की झालं. ५०० मिलिमीटरची मात्र पाच मिलिमीटर सरकायला हवी. पल्ला दहापट, सरकणं शंभरपट, कारण ते नाभीय अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतं. पक्षी उडाला की मोठ्या लेन्सची दमछाक होते ती यामुळे.

आता चुकीला माफी किती, तेही पाहू. लेन्सच्या आत पात्यांचं एक लहानमोठं होणारं छिद्र असतं, त्याला ॲपर्चर म्हणतात. छिद्र मोठं असलं की सेन्सरवर येणारा प्रकाश पसरट नरसाळ्यासारखा असतो. टोकापासून जरा सरकलं की रुंदी लगेच वाढते आणि बिंदूचा ठिपका होतो. छिद्र बारीक केलं की नरसाळं लांबट, निमुळतं होतं आणि तेवढंच सरकूनही ठिपका लहान राहतो. ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरसाठी, एफ १.८ एवढ्या मोठ्या छिद्राला (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), नेहमीच्या मापाने सेन्सरच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ०.०५ मिलिमीटर चूक खपते. ही केसाची जाडी झाली. ५० मिलिमीटरच्या लेन्सने या छिद्रावर एका मीटरवरून चेहरा टिपला, तर पुढून मागे जेमतेम चार सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे येतात, कान जातो. छिद्र एफ ८ केलं की तोच पट्टा सुमारे १९ सेंटीमीटर होतो.

चकलीचा सोऱ्या

केसभर सरकवायचं, तेही सरळ रेषेत आणि काच तसूभर न कलंडता. हे करायचं कसं?

उत्तर दिवाळीच्या आधी घरोघरी खाली उतरवलं जातं. पितळी सोऱ्याचा दांडा आपण गोल फिरवतो, पण आतली चकती पीठ सरळ खाली दाबते. गोल फिरण्याचं सरळ सरकणं करतात ते दांड्यावरचे आटे. हाताने फोकस करायच्या लेन्समध्ये हीच करामत असते. रिंगच्या आतल्या बाजूला आटे, काच धरणाऱ्या नळीच्या बाहेरच्या बाजूला आटे. नळीला एक सरळ खाच पाडलेली असते आणि खाचेत एक छोटी धातूची पट्टी बसते. त्यामुळे नळीला गोल फिरता येत नाही, फक्त पुढेमागे जाता येतं. तुम्ही रिंग फिरवता आणि नळी सरळ बाहेर येते.

सोऱ्याचा दांडा मात्र बारा-पंधरा वेळा फिरवावा लागतो. फोटो काढताना एवढा वेळ कुणाला असणार? म्हणून लेन्समध्ये एकच आटा नसतो, अनेक आटे शेजारी शेजारी समांतर गुंडाळलेले असतात. मोठ्या तोंडाच्या बरणीचं झाकण पाव फेऱ्यात उघडतं, बाटलीचं बूच मात्र फिरवत बसावं लागतं. फरक हाच. बरणीच्या तोंडावर पाहा, तीन-चार आटे वेगवेगळ्या जागी सुरू होतात. लेन्समध्येही पाव ते अर्ध्या फेऱ्यात सगळं सरकणं उरकतं.

हे आटे पाडणं किती अवघड असतं, ते लेथवर उभं राहिलेल्यालाच विचारा. सैल झाले तर रिंग उलटी फिरवताना नळी आधी थोडी जागेवरच राहते आणि मग हलते. आमच्याकडे याला "प्ले आला" म्हणतात. केसभराच्या हिशेबात असा प्ले चालत नाही. घट्ट झाले तर रिंग हटत नाही. म्हणून आटे एकमेकांवर घासून जुळवतात आणि मध्ये दाट ग्रीस भरतात. जुनी चांगली लेन्स फिरवताना हाताला लोण्यासारखं जाणवतं ना, ते या ग्रीसमुळे. वर्षानुवर्षं उन्हाळे खाऊन ग्रीस सुकलं की रिंग जड होते. अशा वेळी फटीतून शिवणयंत्राचं तेल सोडायचा मोह आवरा. पातळ तेल आतून पसरत ॲपर्चरच्या पात्यांवर जातं आणि पाती एकमेकांना चिकटून बसतात.

मी स्वतः एक चूक केली आहे, ती सांगतो. पहिली लेन्स उघडली तेव्हा आटे सोडवून साफ केले, नवं ग्रीस भरलं, परत बसवले. रिंग सुरेख फिरायला लागली, पण लांबचं काहीही स्पष्ट होईना. समांतर आटे अनेक, म्हणजे नळी आत शिरायच्या जागाही अनेक. त्यांतली बरोबर एकच. मी शेजारच्या आट्यात शिरलो होतो आणि काच आपल्या जागेपेक्षा पुढे राहिली होती. सोडवण्याआधी, नळी सुटते त्या क्षणी, दोन्ही भागांवर खूण करायची असते. आयुष्यभर आटे पाडूनही मी ती केली नव्हती. सगळ्या जागा एकेक करून पाहण्यात रविवारची पूर्ण दुपार गेली.

सगळी काच हलवायची की थोडीच?

लहान लेन्समध्ये सगळ्या काचा मिळून एका नळीत पुढेमागे होतात. स्वस्त जुन्या कॅमेऱ्यांत फक्त सर्वात पुढची काच फिरायची. आपल्याकडच्या आग्फा क्लिक ३ सारख्या डबा कॅमेऱ्यांत तर काहीच सरकत नव्हतं. काच एका मधल्या अंतरावर कायमची पक्की केलेली, छिद्र बारीक, आणि माणसांनी थोडं लांब उभं राहायचं. जुन्या अल्बममध्ये सगळं कुटुंब पायांपासून डोक्यापर्यंत आणि वर भरपूर आकाश असं दिसतं, त्यामागे फोटोग्राफरच्या आवडीपेक्षा कॅमेऱ्याची ही अडचण जास्त होती.

मोठ्या लेन्समध्ये पुढची काच ताटलीएवढी आणि जड असते. तिला झटक्यात हलवणं कठीण. म्हणून मधल्या किंवा मागच्या काचांचा एक हलका गटच तेवढा सरकवतात. लेन्सची बाहेरची लांबी बदलत नाही, धूळ आत ओढली जात नाही आणि मोटरवर भार कमी पडतो. याची किंमतही मोजावी लागते. आतला गट सरकला की नाभीय अंतर थोडं बदलतं, त्यामुळे फोकस जवळून लांब नेताना चित्र श्वास घेतल्यासारखं किंचित लहानमोठं होतं. फोटोत हे कळत नाही, लग्नाच्या व्हिडिओत लगेच कळतं.

काच कुठे थांबवायची, हे कॅमेऱ्याला कसं कळतं?

हाताने फोकस करताना डोळा पाहतो आणि हात थांबतो. ऑटोफोकसमध्ये हा निर्णय कॅमेऱ्याला घ्यायचा असतो. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत चाचपडण्याची. फोकस बरोबर असतो तेव्हा काळ्या-पांढऱ्याची सीमा धारदार असते, चुकला की ती करडी होते. कॅमेरा काच थोडी सरकवतो आणि धार वाढली का ते मोजतो. वाढली तर आणखी सरकवतो, कमी झाली तर मागे येतो. पावसाळ्यात दाट धुक्यात टेकडी चढताना माथा दिसत नाही. उतार लागला की कळतं, माथा मागे राहिला. मग चार पावलं परत. ही रीत अचूक आहे, पण माथा ओलांडल्याशिवाय तो माथा होता हे तिला कळत नाही. फोनमध्ये चित्र एकदा स्पष्ट होऊन, परत धूसर होऊन, मग स्थिरावतं, ते हेच.

दुसरी रीत समजायला दोन बॅटऱ्या घ्या. दोन्ही टेबलावर हातभर अंतरावर ठेवा आणि थोड्या आत वळवा, म्हणजे त्यांचे झोत समोर एका जागी एकमेकांना छेदतील. डावीच्या तोंडावर लाल कागद लावा. आता समोर पुठ्ठा धरा. झोत छेदतात बरोबर तिथे पुठ्ठा असेल तर एकच ठिपका दिसेल. पुठ्ठा अलीकडे आणला तर दोन ठिपके, लाल डावीकडे. पलीकडे नेला तरी दोन ठिपके, पण आता लाल उजवीकडे! लाल कुठल्या बाजूला आहे यावरून दिशा कळली, दोन ठिपक्यांतल्या अंतरावरून किती सरकायचं ते कळलं. चाचपडायची गरजच उरली नाही, एका उडीत जागेवर.

लेन्सच्या डाव्या आणि उजव्या भागातून आलेला प्रकाश म्हणजे या दोन बॅटऱ्या. कॅमेरा दोन्ही बाजूंची चित्रं वेगवेगळी टिपतो आणि ती किती नि कुठल्या बाजूला सरकली आहेत ते मोजतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात पाहताना मधोमध एक वर्तुळ असे आणि त्यात दाराची चौकट तुटलेली दिसे. रिंग फिरवून ती जोडायची. तत्त्व तेच, फक्त तिथे जोडणारा डोळा आपला होता. दोन चित्रं जुळवणारं यंत्र घेऊन बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. २०१३ मध्ये कॅननने ७०डी कॅमेऱ्यात सेन्सरच्या प्रत्येक बिंदूचे दोन भाग केले, म्हणजे जवळपास सगळा सेन्सरच अशा बॅटऱ्यांच्या जोड्यांनी भरला.

इथे गंगेवर उपयोगी पडणारी एक गोष्ट. बहुतेक कॅमेऱ्यांत ही तुलना डावी-उजवी असते. घाटाच्या पायऱ्या म्हणजे आडव्या रेघा. आडवी रेघ डावीकडे-उजवीकडे सरकवली तरी तशीच दिसते, त्यामुळे कॅमेऱ्याला काही कळत नाही आणि तो पायऱ्यांवर भटकत बसतो. कॅमेरा उभा धरा, लगेच पकडेल. कोऱ्या भिंतीवर किंवा मोकळ्या आभाळावर दोन्ही रीती हरतात, कारण जुळवायला काही नसतंच.

काच ढकलतं कोण?

भाच्याचं दुखणं इथे होतं. १९८५ मध्ये मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला, त्यात फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या अंगात होती. लेन्स जिथे बसते त्या गोल कडीतून पेचकसाच्या टोकासारखी एक दांडी बाहेर येई आणि लेन्समधला आटा फिरवी. दोन वर्षांनी कॅननने उलटा मार्ग धरला, प्रत्येक लेन्समध्ये तिची स्वतःची मोटर. पुढे पेचकसवाल्या घराण्यांतही काही स्वस्त, हलक्या कॅमेऱ्यांतून मोटर काढून टाकली गेली. भाच्याची लेन्स पेचकसाची वाट पाहणारी होती आणि कॅमेऱ्याकडे पेचकस नव्हता. काच चांगली, आटे चांगले, किती सरकायचं तेही कॅमेऱ्याला कळत होतं, ढकलणारा हात तेवढा नव्हता. वापरलेली लेन्स घेताना "बसते का" एवढंच विचारू नका, "या बॉडीवर आपोआप फोकस होते का" हेही विचारा आणि समोर लावून बघा.

१९८७ मध्येच कॅननच्या ३०० मिलिमीटरच्या एका लेन्समध्ये वेगळीच मोटर आली. तिच्यामागचा गुण स्वयंपाकघरात सापडतो. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आतल्या एका खास सिरॅमिकवर दणका बसतो, वीज तयार होते आणि ठिणगी पडते. याच सिरॅमिकला उलट वीज दिली तर ते किंचित आकार बदलतं. अशा सिरॅमिकची कडी सेकंदाला हजारो वेळा थरथरवली की तिच्या कडेवरून लाट फिरू लागते आणि वर टेकलेली दुसरी कडी त्या लाटेच्या जोरावर फिरते. पावसाळ्यात भिंतीवर चालणारा वाणी किडा आठवा. पायांतून लाट जाते आणि सगळं अंग अलगद सरकतं. गिअर नाहीत, त्यामुळे दातांमधला प्ले नाही, आणि थरथर कानाच्या टप्प्यापलीकडची असल्याने आवाजही जवळपास नाही.

अलीकडच्या कितीतरी लेन्समध्ये फिरणंच संपलं आहे. चुंबक आणि तारेचं वेटोळं काचेच्या गटाला रुळांवर सरळ ढकलतात. त्यांतल्या बहुतेकींची रिंग काचेला जोडलेलीच नसते. ती टीव्हीच्या रिमोटसारखी नुसता निरोप देते. कॅमेरा बंद असताना ती कितीही फिरवा, काही हलत नाही. मला हे रुचत नाही, हाताला आट्यांची सवय झाली आहे. पण धावत्या मुलाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवायला हेच यंत्र सरस आहे, हेही मान्य केलं पाहिजे.

फोन तर बोटाएवढा जाड. त्यात हे सगळं कसं मावतं?

कारण फोनच्या लेन्सचं खरं नाभीय अंतर पाच-सहा मिलिमीटरच असतं. पाच धरलं, तर दहा सेंटीमीटरवरच्या फुलासाठीसुद्धा काचेला पाव मिलिमीटरच सरकावं लागतं. बारीक पट्ट्यांच्या स्प्रिंगवर टांगलेली लेन्स, भोवती वेटोळं, शेजारी चुंबक. स्पीकरचा पडदा ज्या रीतीने थरथरतो त्याच रीतीने ती पुढेमागे होते. बंद फोन कानाजवळ हलवला तर काहींमध्ये खुळखुळ ऐकू येते, ती बहुधा हीच टांगलेली लेन्स. बिघाड नव्हे.

बाइकच्या हँडलवर फोन लावून फिरणाऱ्यांनी मात्र लक्ष द्यावं. ताकदवान इंजिनाची थरथर फार काळ बसत राहिली तर कॅमेऱ्याच्या या टांगलेल्या भागांवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये आपल्या फोनबद्दल दिली होती.

काच कशाला, सेन्सरच हलवा ना?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि हे झालंही आहे. १९९६ च्या कॉन्टॅक्स एएक्स कॅमेऱ्यात फिल्मचा अख्खा भाग आतल्या आत दहा मिलिमीटरपर्यंत सरकायचा. त्यामुळे हाताने फिरवायच्या जुन्या लेन्सही ऑटोफोकस होत. पण कॅमेरा जाडजूड झाला आणि लांब पल्ल्याच्या लेन्सना जवळच्या वस्तूंसाठी दहा मिलिमीटर पुरत नाहीत.

डोळा तर असं काही सरकवत नाही

खरं आहे. डोळ्यातलं भिंग जागेवर राहतं आणि आकार बदलतं. भोवतीचा स्नायू आवळला की ते फुगीर होतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. वयाबरोबर भिंग कडक होत जातं, फुगेनासं होतं, आणि मग वर्तमानपत्र हातभर लांब धरावं लागतं. त्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. कॅमेऱ्यासारखं भिंग पुढेमागे सरकवणारे डोळे माशांचे असतात. आकार बदलणारी लेन्सही आता बनते. शाओमीने २०२१ मध्ये एका घडीच्या फोनमध्ये द्रव भरलेली लेन्स बसवली होती.

धूसर आला तर कॉम्प्युटरवर दुरुस्त होईल की

धार थोडी वाढवता येते. पण बिंदूचा ठिपका झाला आणि शेजारच्या ठिपक्यात मिसळला, की पापणीचे केस कुठे होते ही माहितीच पुसली जाते. कॉम्प्युटर तिथे अंदाजाने केस रंगवील, ते तुमच्या आजीचे नसतील. फोनचा पोर्ट्रेट मोड याच्या उलट करतो, स्पष्ट आलेल्या फोटोतला मागचा भाग मुद्दाम पुसट करतो.

महाग कॅमेऱ्याचाही फोकस का चुकतो?

कारण किती सरकायचं आणि कोण सरकवणार, याच्याही आधी एक प्रश्न असतो: कशावर? गर्दीत दहा चेहरे असतात, कॅमेरा सर्वात जवळचा किंवा मोठा निवडतो. काच हुकुमाप्रमाणे बरोबर जागी जाते, हुकूमच चुकलेला असतो. आरशाच्या कॅमेऱ्यांत आणखी एक घोटाळा होई. फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा, कॅमेऱ्याच्या तळाशी असे आणि आरसा थोडा प्रकाश तिकडे वळवी. दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक पडला की प्रत्येक फोटो तेवढाच पुढे किंवा मागे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात मोजणी सेन्सरवरच होते, त्यामुळे हा दोष उरत नाही.

आणि रिंगवरच्या अनंताच्या (∞, म्हणजे चंद्रासारख्या खूप लांबच्या वस्तूच्या) खुणेपुढेही रिंग का जाते?

भाच्याने हे विचारलं तेव्हा बरं वाटलं, कारण उत्तर आमच्या धंद्यातलं आहे. धातू तापला की वाढतो. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे आणि एप्रिलच्या भर दुपारी एकच मोठी लेन्स एकाच लांबीची राहत नाही, म्हणून दोन्हीकडे थोडी जागा सोडतात. शिवाय चाचपडणाऱ्या ऑटोफोकसला माथा ओलांडून परत यायलाही जागा लागते. तेव्हा चंद्राचा फोटो काढताना रिंग टोकाला नेऊन आपटू नका, पडद्यावर चित्र मोठं करून चंद्राची कड पाहत थांबवा.

गंगेवर

परवा आम्ही दोघं रामकुंडावर गेलो. आरतीत कॅमेरे हमखास फसतात. ज्योत एवढी झगझगीत की सेन्सरवर नुसता पांढरा गोळा, त्यात जुळवायला कडाच नाहीत. समोरून धूर जातो, तो क्षणभर पकडला जातो. ज्योती हलत असतात, बाकी अंधार. फोनवाल्यांसाठी सोपा उपाय आहे. ज्योतीवर बोट न ठेवता तेवढ्याच अंतरावरच्या उजळलेल्या कडेवर, उपरण्याच्या काठावर किंवा दिव्याच्या पितळी कडेवर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये फोकस तिथेच कुलूपबंद होतो. मग जागा सोडू नका.

भाच्याला मी पुजाऱ्यापर्यंतचं अंतर डोळ्याने मोजायला लावलं. साधारण पाच मीटर. एफ १.८ ला या अंतरावर पुढेमागे मिळून सुमारे एक मीटर स्पष्ट येतं, म्हणजे हातातला दिवा आणि चेहरा दोन्ही त्यात मावतात. त्याने रिंग पाचच्या खुणेवर नेली, उपरण्याच्या काठावर जरा मागेपुढे करून पाहिलं आणि हात काढून घेतला. आरती संपेपर्यंत त्याने रिंगला पुन्हा हात लावला नाही. काच अनंतापासून अर्धा मिलिमीटर पुढे येऊन थांबली होती.